सायबर१ वर प्लेटो : १९७३ ची चॅट अजून चालू आहे, वापरून पहा

ईमेल घराघरात पोचायच्या कितीतरी आधी लोक कॉम्प्युटरवर कसे बोलायचे हे नुसतं वाचू नका, सायबर१ नावाच्या वेबसाइटवर अकाउंट घ्या, फुकट आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची प्लेटो नावाची सिस्टीम होती, मूळची शिकवण्यासाठी बनवलेली, ती हौशी लोकांनी तिथे एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालू ठेवली आहे. पीटर्म नावाचा छोटा प्रोग्राम टाकायचा, काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरं येतात, तेव्हाच्या प्लाझ्मा स्क्रीनवर यायची तशीच. लॉगिन करताना नाव टाकून नेक्स्ट, मग अकाउंटचा ग्रुप टाकून शिफ्ट-स्टॉप. ही बटणं आपल्या कीबोर्डवर नाहीत, त्यामुळे कोणत्या कामाला कोणतं बटण ते आधी कागदावर लिहून ठेवा.

पण खरी मजा टॉकोमॅटिकमध्ये आहे भाऊ. हा प्लेटोवरचा चॅट प्रोग्राम, डग ब्राउनने १९७३ मध्ये बनवलेला. एका चॅनलवर ५ जण बोलू शकतात, प्रत्येकाला स्क्रीनवर आपली वेगळी जागा, आणि सेंड वगैरे काहीच नाही, तुम्ही टाइप करून राहिले की समोरच्याला एकेक अक्षर तेव्हाच्या तेव्हा दिसते. नागपुरातच मी प्रताप नगरात अन् मावसभाऊ मानेवाड्याला, देवनागरी नाही म्हणून रोमनमध्येच मराठी चालू होतं. त्याने 'येतो' लिहिलं, थांबला, खोडलं, मग 'आईला विचारून सांगतो' लिहिलं, अन् हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसलं! व्हॉट्सॲपवर समोरचा टाइप करून राहिला एवढंच कळते, काय लिहून खोडलं ते कधीच कळत नाही. दोन माणसं एकाच वेळी बोलू शकतात, एकमेकांचं वाक्य अर्ध्यात तोडू शकतात, अगदी समोरासमोर बसल्यासारखं. पन्नासेक वर्षांपूर्वी हे होतं, मग आपण सोडलं काहून? मला तर हे आजच्या चॅटपेक्षा जास्त आवडलं, मनापासून सांगतो.

प्लेटोवरचा नोट्स हा चर्चेचा प्रोग्राम पण नक्की पहा. आधी सिस्टीमच्या तक्रारी एकाच फाइलमध्ये लिहायचे अन् कोणीही कोणाचं लिहिलेलं बदलू शकायचं, म्हणून डेव्हिड वुली नावाच्या १७ वर्षांच्या पोराने १९७३ च्या ऑगस्टमध्ये हा प्रोग्राम लिहिला. नाव, तारीख, वेळ आपोआप लागते, खाली लोकांची उत्तरं, सुरुवातीला एका नोटला जास्तीत जास्त ६३. खासगी निरोपासाठी पर्सनल नोट्स १९७४ मध्ये आलं.

एकट्याने टॉकोमॅटिक उघडून फायदा नाही, सोबत कोणालातरी अकाउंट काढायला लावा. अमेरिकेतल्या लोकांशी बोलायचं असेल तर सकाळी ६-७ ला बसा, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. अकाउंट मागून घ्यावं लागते, लगेच मिळालं नाही तर थोडा धीर धरा. माझ्याकडून पाचपैकी पाच.