पहिली भाषा: भाईलँग की पायथन?

प्रोग्रॅमिंग शिकताना पहिली भाषा कोणती घ्यावी: हिंदी बोलीतले शब्द वापरणारी गमतीची भाईलँग, की सगळीकडे वापरली जाणारी पायथन? भाईलँगचा प्रोग्रॅम ‘हाय भाई’ने सुरू होतो आणि ‘बाय भाई’ने संपतो, या दोन ओळींबाहेर लिहिलेल्याकडे ती लक्षच देत नाही. व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) ‘भाई ये है’ म्हणून जाहीर करायचं, छापायला ‘बोल भाई’, विधान संपलं की अर्धविराम. पायथनमध्ये नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत, झालं काम.

तरी जाहीर करायची सक्ती नवख्याच्या फायद्याचीच. पायथनमध्ये ‘एकूण’ऐवजी चुकून ‘एकुण = एकूण + गुण’ लिहिलं, तर तो निमूटपणे दुसरं व्हेरिएबल बनवतो आणि खरी बेरीज शून्यावरच राहते. भाईलँग जाहीर न केलेल्या नावाला किंमत देऊच देत नाही, तिथेच एरर येते.

अटींमध्ये मात्र भाईलँग गोंधळात टाकते. ‘अगर भाई’नंतर ‘नहीं तो भाई’ म्हणजे दुसरी अट, आणि ‘वरना भाई’ म्हणजे उरलेलं सगळं. मराठीत दोन्ही ‘नाहीतर’च! त्यामुळे मुलं ‘नहीं तो’नंतर कंसातली अट विसरतात आणि सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) येते. त्यात हे शब्द रोमन लिपीत टाइप करायचे. ‘वरना’ला डब्ल्यू की व्ही, ‘ये’च्या शेवटी एच की नाही, हे पाठच करावं लागतं. पायथनचे ‘इफ’, ‘एलिफ’, ‘एल्स’ परके खरे, पण स्पेलिंग एकच आणि ते सगळीकडे छापलेलं.

‘जब तक भाई’ हे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) फार छान वाचता येतं. ‘बस कर भाई’ने बाहेर पडायचं, ‘अगला देख भाई’ने पुढच्या फेरीला जायचं. मोजणारी संख्या ‘अगला देख’च्या आधी वाढवा, नाहीतर लूप तिथेच फिरत राहील.

भाईलँगमध्ये फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा) नाही, लिस्ट (अनेक किमतींची यादी) नाही. म्हणून आठवडाभर अट आणि लूप समजेपर्यंत ती वापरावी, तीही ब्राउझरमधल्या प्लेग्राउंडवर (कोड लिहून चालवून बघायच्या पानावर), आणि मग पायथन. दहावीच्या पुढचा विद्यार्थी असेल तर सरळ पायथनच घ्या.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, वर ‘एकूण’ लिहिलंय तसंच. कोडमध्ये थेट १२ असे देवनागरी अंक चालत नाहीत. पण इनपुटमधून आलेलं ‘१२’ इंट() (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) बिनतक्रार १२ समजतं. ‘ऱ्य’सारखं जोडाक्षर नावात टाळावं: काही कीबोर्ड त्यात न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि दिसायला बरोबर असलेल्या ओळीवर एरर येते.