बिल्बाओच्या पावसासाठी लावलेला स्पॅनिशचा वर्ग

मुलगी नोकरीनिमित्त स्पेनमधल्या बिल्बाओला गेली, म्हणून मी स्पॅनिशचा दहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग लावला. बाकीचे तास ठीक होते. हवामानाच्या क्रियापदांचा तास मात्र असा रंगला की फी त्यातच वसूल झाली.

बाई बिल्बाओच्याच. त्यांनी कॅमेरा खिडकीकडे वळवला. बाहेर बारीक पाऊस. ‘युएवे’, एवढंच म्हणाल्या. एका शब्दात पूर्ण वाक्य. बर्फ पडतोय तर ‘निएवा’, गडगडतंय तर ‘त्रुएना’. वर्गातला एकजण सारखा विचारत होता, कर्ता कुठाय? मी शाळेत मराठी शिकवलंय, मला राहवेना. म्हटलं, ‘उजाडलं’ म्हणतो तेव्हा कोण उजाडतं? ‘सांजावलं’मध्ये कोण असतं? आपल्या व्याकरणात यांनाच भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. गंमत म्हणजे आपला पाऊस स्वतः ‘पडतो’, त्यांच्याकडे नुसती क्रिया होते.

बाईंनी लगेच धागा पकडला. स्पॅनिशमध्ये ‘आमानेथे’ म्हणजे उजाडतं. पण ‘आमानेथी एन बुर्गोस’ असंही म्हणतात, शब्दशः ‘मी बुर्गोसला उजाडलो’. रात्रभर प्रवास केला आणि उजाडलं तेव्हा मी बुर्गोसला होते, असा अर्थ. आपण इथे ‘मला बुर्गोसला उजाडलं’ म्हणू. त्यांनी माणसाला कर्ता केलं, आपण त्याला ‘ला’ लावून बाजूला बसवलं. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

‘उकडतंय’ला मात्र आपण अडखळतो. हवेत उकाडा असेल तर ‘आथे कालोर’, मला उकडत असेल तर ‘तेंगो कालोर’. यावर आणखी सराव हवा होता.

तक्रार आहे ती सरावाच्या अ‍ॅपबद्दल. ‘पाऊस पडणे’ या क्रियापदाचा मी, तू, आम्ही असा सगळा तक्ता भरायला सांगितला होता. रोजच्या हवामानासाठी तृतीयपुरुषी एकवचनच लागतं, म्हणून बाकीच्या जागा मी रिकाम्या सोडल्या. पाच गुण कापले. दोनदा कळवलं, अजून उत्तर नाही. शिवाय तासाचं रेकॉर्डिंग आठवड्यात काढून टाकतात, तेव्हा टिपणं हातानेच काढा.

त्या भुरभुर पावसाला तिकडे ‘सिरिमिरी’ म्हणतात. परवा फोनवर लेकीला विचारलं, छत्री घेतलीस का? सिरिमिरी आहे गं आई, म्हणाली, कुणीच घेत नाही.

संध्याकाळची तुकडी घ्या, या बाई तिथेच शिकवतात.