टाकीतलं पाणी मोबाइलवर: एमक्यूटीटी आणि थिंग्जबोर्ड, आठ महिन्यांचा अनुभव

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम उपनगरात. चार विंग, प्रत्येक गच्चीवर एक टाकी, खाली दोन हौद. एका हौदात महापालिकेचं पाणी पडतं, दुसऱ्यात टँकरचं. ‘सी विंगला पाणी नाही’ हा आमच्या ग्रुपवरचा बारमाही विषय. मी नोकरीत सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ‘तुम्ही काहीतरी करा ना’ हे वाक्य शेवटी माझ्याच दारात येऊन उभं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी पाण्याची पातळी दाखवणारं एक तयार यंत्र घेतलं होतं. वर्षभर छान चाललं. पण त्याचं अ‍ॅप थेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलायचं, आणि एक दिवस तो सर्व्हरच बंद झाला. फोन लागेना, मेलला उत्तर येईना. डबा अजून भिंतीवर आहे, हिरवा दिवाही लुकलुकतो. म्हणून या वेळी एकच अट घातली होती: यंत्र आणि स्क्रीन यांच्यामधली भाषा कुणा एकाच्या मालकीची नको. उद्या सर्व्हर बदलला तरी गच्चीवरचे डबे उतरवावे लागू नयेत.

त्या अटीत एमक्यूटीटी बसतं, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना छोटे निरोप पाठवायची खुली भाषा. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी केलं. संदेश उपग्रहातून जायचे आणि प्रत्येक बाइट महाग होता, म्हणून संदेशाच्या सुरुवातीचं ठरावीक शीर्ष (हेडर) अवघ्या दोन बाइटचंही असू शकतं. आमच्या गच्चीवरचं वायफाय उपग्रहापेक्षा फार बरं आहे असं नाही, त्यामुळे ही काटकसर आम्हालाही मानवली. मध्ये एक ब्रोकर असतो. सेन्सर त्याच्याकडे एखाद्या विषयाखाली (टॉपिक) निरोप ठेवतो आणि ज्याला तो विषय हवा त्याला ब्रोकर पोचवतो. देणाऱ्याला घेणारा माहीत असण्याची गरज नाही.

सामान असं: सहा ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेले छोटे सर्किट), गच्चीवर पाण्यात न बिघडणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर, टँकरच्या हौदात बुडवून ठेवायचा दाबावर चालणारा सेन्सर, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये एक रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर मॉस्किटो नावाचा ब्रोकर. पुढे भाड्याच्या सर्व्हरवर थिंग्जबोर्डची मोफत आवृत्ती: आलेले आकडे साठवून आलेख आणि अलार्म दाखवणारं सॉफ्टवेअर. तिला मेमरी बऱ्यापैकी लागते, सर्वांत स्वस्त सर्व्हर घेऊन भागत नाही. ठरलेल्या वेळी आपोआप अहवाल पाठवणं वगैरे हवं असेल तर पैशाची आवृत्ती घ्यावी लागते. आम्हाला गरज पडली नाही. सेक्रेटरी बाई स्क्रीनशॉट काढतात.

पहिला संदेश पोचायला अर्धा तासही लागला नाही. थिंग्जबोर्डमध्ये डिव्हाइस तयार केलं की एक टोकन मिळतं, ते युजरनेमच्या जागी टाकायचं, ठरलेल्या टॉपिकवर जेसन या साध्या मजकुराच्या साच्यात आकडा पाठवायचा, की समोर आलेख हलायला लागतो. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. मुलीने विचारलं, ‘बाबा, हे पाणी खरंच एवढंच आहे का?’ तेव्हा हसलो. पुढचे आठ महिने मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

आधी जोडणीतल्या चुका सांगतो, सगळ्या माझ्याच. चारही गच्च्यांवरच्या बोर्डांत मी एकच प्रोग्राम टाकला आणि क्लायंट आयडी, म्हणजे ब्रोकरला सांगायचं बोर्डाचं नाव, बदलायला विसरलो. एमक्यूटीटीत एकाच नावाचा दुसरा कोणी आला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो. पहिला पुन्हा जोडून घेतो, मग दुसरा बाहेर. चौघं रात्रभर एकमेकांना खुर्चीवरून उठवत होते आणि मी दोन संध्याकाळी अँटेना फिरवत बसलो होतो. ब्रोकरच्या नोंदवहीत कारण स्पष्ट लिहिलं होतं. ती आधी वाचावी. आता प्रत्येक बोर्ड स्वतःच्या मॅक पत्त्यावरून (प्रत्येक बोर्डाचा वेगळा क्रमांक) नाव तयार करतो.

दुसरी चूक बोर्डावर एमक्यूटीटीसाठी वापरलेल्या पबसबक्लायंट या लायब्ररीतली. तिची संदेशाची मर्यादा मुळात २५६ बाइटची असते. मी बॅटरी, सिग्नल, तापमान अशी भर घालत गेलो आणि एक दिवस संदेश जायचेच थांबले. ना एरर, ना काही. फंक्शन निमूटपणे ‘नाही’ म्हणत होतं आणि मी ते उत्तर तपासतच नव्हतो. मर्यादा वाढवता येते, हे नंतर कळलं.

तिसरी चूक मात्र अंगावर आली असती. एमक्यूटीटीत संदेशावर ‘रिटेन’ची खूण करता येते. मग ब्रोकर तो शेवटचा संदेश जपून ठेवतो आणि नव्याने जोडणाऱ्याला लगेच देतो. पातळीसाठी हे झकास: केबिनमधला स्क्रीन बंद करून चालू केला तरी आकडा हजर. पण पंपाला ‘चालू’ सांगण्यासाठीही मी तेच फंक्शन वापरलं होतं. एका रात्री लाइट गेली, तीनच्या सुमाराला आली. पंपाचा बोर्ड जागा झाला, ब्रोकरला जोडला गेला, आणि ब्रोकरने इमानदारीत आदल्या संध्याकाळचा ‘चालू’ त्याच्या हातात ठेवला. वरची टाकी भरलेली. पंप बघणारे मामा पाण्याच्या आवाजाने उठले म्हणून निभावलं. सकाळी म्हणाले, ‘साहेब, तुमचा माणूस रात्री न विचारता कामाला लागला होता.’

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. आज्ञांवर रिटेन कधीच नाही, आणि प्रत्येक ‘चालू’ला दहा मिनिटांची मुदत: पुन्हा आज्ञा आली नाही तर पंप आपोआप बंद. शिवाय स्टार्टरच्या तारेत जुना फ्लोट स्विच तसाच ठेवला. वायफाय, ब्रोकर, सर्व्हर सगळं मेलं तरी तो टाकी भरल्यावर पंप तोडतो. इलेक्ट्रिशियन तो काढून टाकायला निघाला होता, त्याला हात जोडले.

पंपाच्या वायरला करंट मोजणारा चिमटाही लावला. पंपाला वीज देणारा रिले ‘चालू’ म्हणतो म्हणजे मोटर फिरतेच असं नाही, हे एका जळालेल्या फेजने शिकवलं.

आता क्यूओएस, म्हणजे निरोप पोचण्याची किती हमी हवी ते. शून्य म्हणजे साधं पोस्टकार्ड, पोचलं तर पोचलं. एक म्हणजे पोचपावतीचं पत्र: पावती मिळेपर्यंत पुन्हा पाठवतात, त्यामुळे कधी एकाच पत्राच्या दोन प्रती येतात. दोन म्हणजे एकदाच आणि नक्की. थिंग्जबोर्ड शून्य आणि एक एवढेच पाळतो. पातळीचा आकडा दोनदा आला तर काही बिघडत नाही. पण गेटवर आम्ही टँकर मोजायचं बटण लावलं होतं, आणि एका दिवशी चार टँकरचे पाच झाले. वेळेचा शिक्का संदेशात नसेल तर सर्व्हर स्वतःच्या घड्याळाची वेळ लावतो, म्हणून दुसरी प्रत नवी नोंद ठरली. बोर्डानेच वेळ लावून पाठवली की दोन्ही प्रती एकाच जागेवर पडतात. ही सोय इंटरनेट गेल्यावरही उपयोगी पडली. रास्पबेरी पायवर साठलेले आकडे नंतर पाठवले तरी ते आपापल्या वेळेवर जाऊन बसतात.

एवढं सगळं नीट झाल्यावर मला वाटलं काम संपलं. मग एप्रिल आला.

रोज दुपारी दोनच्या सुमाराला गच्चीवरच्या टाक्यांत पाणी वाढायचं. पंप बंद, आलेख मात्र हजारभर लिटरने वर. संध्याकाळी पुन्हा खाली. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. मी आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला होता, म्हणजे २० अंश तापमानाचा. झाकणाखाली दुपारी ४० अंश असतात, तिथे वेग ३५५ च्या पुढे जातो. दीड मीटरच्या अंतरात पाच सेंटिमीटरचा फरक. आमच्या टाकीचा तळ पाच बाय चार मीटर, एक सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर. झाले हजार लिटर. शेजारी तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर बसवला आणि वेग त्यावरून काढायला लागलो. तोही लबाड: वीज आल्या आल्या वाचला तर ८५ अंश सांगतो. ते खरं तापमान नव्हे, मोजणी होण्याआधीचा ठरलेला आकडा आहे. तो गाळावा लागतो.

या सेन्सरला अगदी जवळचंही दिसत नाही. तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की वाट्टेल ते आकडे. म्हणून झाकणावर फूटभर उंच चौकट केली. एका टाकीत लोखंडी शिडीवरून प्रतिध्वनी यायचा; सेन्सर हातभर सरकवला. नऊ वाचनं घेऊन मधलं तेवढं ठेवतो, त्याने बरीच शांतता आली. पावसाळ्यात एका डब्यात पालीने बिऱ्हाड केलं, त्यावर मात्र माझ्याकडे सूत्र नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी आठला डॅशबोर्डवर ए विंग ८२ टक्के. मामा जिन्यातल्या पाइपला टिचकी मारून म्हणाले, ‘टाकी उतरलीय.’ मी मोबाइल दाखवला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. वर जाऊन झाकण उघडलं तर पाणी गुडघाभरही नव्हतं. सेन्सरच्या तोंडावर वाफेचा मोठा थेंब लोंबत होता, त्याचं अंतर तो तीन तास इमानाने मोजत होता. डिव्हाइस गप्प झालं तर थिंग्जबोर्ड ते निष्क्रिय दाखवतो. ब्रोकरकडे ‘लास्ट विल’ असतं, म्हणजे क्लायंट अचानक तुटला तर त्याने आधी लिहून ठेवलेला निरोप ब्रोकर सगळ्यांना देतो. मी दोन्ही लावलं होतं. पण इथे कोणी गप्प नव्हतं. दर मिनिटाला संदेश येत होता, पोचपावतीसकट, टीएलएसच्या कुलूपबंद जोडणीतून, योग्य वेळेच्या शिक्क्यासह. फक्त खोटा.

आता एक वेगळा अलार्म आहे: सकाळी सहा ते नऊमध्ये आकडा अर्धा तास हलला नाही तर शंका घ्या. दोनशे लोक आंघोळी करत असताना टाकीची पातळी स्थिर राहूच शकत नाही. अलार्मबाबत एक सूचना: लागण्याची आणि उतरण्याची रेघ वेगळी ठेवा. आमच्याकडे २५ टक्क्यांखाली लागतो, ३५ च्या वर गेल्यावर उतरतो. आधी दोन्ही २५ वर होते, तेव्हा पाण्याच्या हिंदोळ्यावर एका रात्रीत टेलिग्रामवर शंभरेक निरोप आले आणि चेअरमननी ग्रुप म्यूट केला. त्यांनी तो पुन्हा उघडावा म्हणून चहा पाजावा लागला.

सुरक्षेचं थोडक्यात: थिंग्जबोर्डसोबत येणारे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. १८८३ पोर्टवर टोकन उघडं जातं, बाहेर पाठवताना ८८८३ आणि टीएलएस वापरा. बोर्डाला बरोबर वेळ माहीत नसेल तर प्रमाणपत्राची तपासणी फसते, म्हणून आधी घड्याळ लावून घ्या, मग जोडा.

सर्वांत मोठा फायदा मात्र जिथे अपेक्षा नव्हती तिथे झाला. टँकरच्या हौदात दाबाचा सेन्सर आहे, ४ ते २० मिलिअँपिअरचा. १५० ओमच्या रोधावर त्याचे ०.६ ते ३ व्होल्ट होतात. ईएसपी३२ ची स्वतःची मोजणी टोकांना वाकडी असते म्हणून मध्ये व्होल्ट अचूक मोजणारी एडीएस१११५ ही चिप घातली. हौदाचा तळ सहा बाय पाच मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर ३०० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने पातळी ३३ सेंटिमीटर वाढायला हवी. मे महिन्यात आलेखाच्या पायऱ्या बघत होतो. काही ३३ च्या होत्या, काही २८ च्या.

पहिल्यांदा सेन्सरवरच संशय घेतला, तोपर्यंत ती सवय लागली होती. टँकर रिकामा होत असताना पंप चालू असेल का? चिमट्याची नोंद बघितली, तसं नव्हतं. मग पुढचे सहा टँकर पंप बंद ठेवून रिकामे केले आणि मामांनी प्रत्येक वेळी आधी आणि नंतर खुणांची काठी बुडवली. काठी आणि सेन्सर यांच्यात कुठेच एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. सहापैकी दोन टँकर दीड-दीड हजार लिटरने कमी होते. कमिटीने पुरवठादाराला बोलावलं, आलेख आणि काठीच्या नोंदी समोर ठेवल्या. आवाज फारसा चढला नाही. बिल पातळीवरून करायचं ठरलं.

आठ महिन्यांत सामानावर तीस हजारांच्या आत खर्च झाला, शनिवार-रविवार किती गेले ते घरच्यांना विचारा. सर्व्हरचं भाडं सोसायटी भरते. गच्चीवरच्या टाक्यांतही दाबाचेच सेन्सर घालायचा प्रस्ताव पुढच्या मीटिंगला आहे. केबिनमधला स्क्रीन मामांनी खिडकीकडे तोंड करून लावलाय. टँकर आला की ड्रायव्हर खाली उतरतो, काचेतून हौदाचा आकडा बघतो आणि मग पाइप जोडायला जातो.