रतनगड की वासोटा? हातात दोन दिवस असतील तर

थंडी सुरू झाली की ओळखीतले लोक विचारतात, "गाडी काढायची आहे, डोंगरातला तलाव हवा आहे आणि एक दिवस जंगलातून चालायचं आहे. कुठे जाऊ?" माझ्याकडे दोनच नावं असतात. एक भंडारदरा आणि रतनगड, दुसरं साताऱ्याकडचं बामणोली आणि वासोटा किल्ला. दोन्हीकडे पाणी धरणाचंच आहे. भंडारदऱ्याचं, प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, तर बामणोलीचा तलाव म्हणजे कोयनेचा शिवसागर १९६०च्या दशकातला. पण दोन्ही सहली अगदी वेगळ्या होतात.

आधी गाडीत कोण आहे ते बघा. आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर विचार न करता भंडारदरा. मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी करत शेंडीला, म्हणजे धरणाजवळच्या गावात पोहोचता. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. पुढे रस्ता तलावाला वळसा घालत रतनवाडी, साम्रद, घाटघरपर्यंत जातो. वाटेल तिथे थांबा, वाटेल तेव्हा परत फिरा. ज्यांना चढायचं नाही ते रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात आणि शेजारच्या पुष्करणीवर निवांत बसू शकतात. भर दुपारीही त्या मंदिराचा दगड हाताला गार लागतो.

वासोट्याला असं चालत नाही. तिथे गाडी बामणोलीला ठेवायची आणि पुढचा दिवस बोटीच्या वेळेवर काढायचा. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कास पठारावरून बामणोलीत उतरायचं. वनखात्याची परवानगी काढायची, ओळखपत्र जवळ ठेवायचं. मग तास-सव्वा तास बोटीने किल्ल्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीला. अख्खी बोट ठरवावी लागते, त्यामुळे दोघंच असाल तर खर्च अंगावर येतो. दहा-बाराजण जमवा. आणि आदल्या रात्री बामणोलीतच मुक्काम करा. पुण्याहून पहाटे निघून थेट बोट गाठायचं गणित माझं एकदा चुकलं होतं. उशिरा उतरलो, निम्म्या वाटेवरून परत फिरावं लागलं. किल्ल्यावर राहता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीत बसावंच लागतं.

आता चालण्याचं. रतनगडाची वाट रतनवाडीतून प्रवरेच्या पात्राच्या कडेने झाडीत शिरते. शेवटी लोखंडी शिड्या लागतात. वर जायला अडीच-तीन तास धरा. रविवारी शिड्यांपाशी रांग लागते, म्हणून शक्य असेल तर शनिवारीच चढा. शिड्या मात्र अगदी उभ्या आहेत, उंचीची भीती असणाऱ्याला आधी सांगून ठेवा. माथ्यावरचं नेढं म्हणजे कातळातलं आरपार भोक. त्यात बसलं की वारा अंगावर नुसता आदळतो, टोपी हातात धरावी लागते. समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, कळसूबाईचं शिखर, खाली तलाव. एवढं उघडं, मोठं दृश्य वासोट्याच्या वाटेवर कुठेच नाही.

वासोट्यावर जे मिळतं ते वाटेतच मिळतं. मेट इंदवलीला बॅगा उघडायला लावतात, प्लास्टिकच्या बाटल्या-पुडे मोजून नोंदवतात, परत येताना तेवढेच दाखवायचे. मला ही शिस्त मनापासून आवडते, कारण आत गेल्यावर तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पायाखाली फक्त पाचोळा. हे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. झाडी इतकी दाट की सकाळी दहालाही वाटेवर सावलीच असते. गव्याचं शेण बऱ्याचदा दिसतं, शेकरूचा आवाज वरून येतो. गप्पा आपोआप बंद होतात. दोन-अडीच तासांनी एकदम उजेडात येता आणि पुढे बाबूकडा. तिथे उभं राहून कोकणाच्या बाजूला बघताना आवाज फक्त वाऱ्याचा.

ऋतूचा हिशोबही वेगळा. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. "कासची फुलं आणि वासोटा एकाच फेरीत" असं ठरवणाऱ्यांची निराशा होते. फुलांचा भर सप्टेंबरात असतो, वासोट्याची वाट उघडेपर्यंत तो ओसरलेला असतो. भंडारदरा उलट पावसाळ्यात सुंदर होतो, पण तेव्हा रतनगड टाळा, ओढ्यांना पाणी असतं आणि कातळ निसरडा होतो. मेअखेर ते जून काजव्यांसाठी गर्दी उसळते. शांतता हवी असेल तर ते शनिवार-रविवार सोडूनच द्या.

जेवणाची चिंता दोन्हीकडे नको. आधी कळवलं तर गावातल्या घरी भाकरी-पिठलं मिळतं. पेट्रोल मात्र घोटीला किंवा साताऱ्यालाच भरून घ्या.

मला स्वतःला विचाराल तर वासोटा. पण पहिल्यांदाच जात असाल आणि सोबत घरची मंडळी असतील तर मी शेंडीचाच रस्ता सांगेन. वासोट्याला नंतर जा, चालणारे मित्र घेऊन, डिसेंबरात.