249 रुपयांची सोनेरी टिकली

मी नाशिकला, अंबडमधल्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. ट्रकवाले, ट्रान्सपोर्टवाले, गेटवरचा वॉचमन, दिवसभर फोन कानालाच. आईच्या भजनी मंडळात कुणी सांगितलं की मोबाइलने मेंदू शिजतो. झालं, रोज जेवताना तोच विषय. शेवटी रविवारी तिला घेऊन एमजी रोडला गेलो आणि एका दुकानातून (नाव लिहीत नाही) 'अँटी-रेडिएशन चिप' आणली. चिप कसली, कपाळावरच्या टिकलीएवढा सोनेरी स्टिकर. पाकिटावर '99 टक्के रेडिएशन गायब'.

दुकानदाराने डेमो दिला. फोन लावायला सांगितला, रिंग जात असताना काडेपेटीएवढं मीटर जवळ धरलं. लाल दिवा. टिकली चिकटवून परत धरलं, हिरवा. "बघा मावशी!" मावशी खूश. घराच्या पायऱ्या चढताना माझ्या डोक्यात आलं, दुसऱ्या वेळेला कॉल केव्हाच कट झाला होता.

मग मीच तपासलं. सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडलं की सिग्नलचा आकडा दिसतो, डीबीएम या मापात; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितकी रेंज कमी. गच्चीवर उणे 84. टिकली काढली, तरी उणे 84, फार तर 85. कंपनीच्या तळघरातल्या गोडाऊनमध्ये उणे 113, टिकली असो वा नसो. म्हणजे ती काहीच अडवत नाही. तेच बरं. खरंच अडवलं असतं तर टॉवरपर्यंत पोचायला फोनने जोर वाढवला असता. रेंज कमी असली की फोन जास्त ताकद लावतो, रविवार कारंजावर गर्दीत आपण ओरडून बोलतो तसं. आणि मी निम्मे कॉल त्या गोडाऊनमधूनच करत होतो! आता जिना चढून वर येतो, मग बोलतो.

डायलरवर *#07# दाबलं तर माझ्या फोनचा डोक्याजवळचा 'सार' (SAR) आकडा, म्हणजे शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषतं ते माप, आला 0.98. आपल्याकडे मर्यादा 1.6 वॅट प्रतिकिलो, आणि हे मोजमाप फोन पूर्ण जोरात असतानाचं. कान गरम होतो तो मुख्यतः बॅटरी आणि फोनच्या आतल्या सर्किटच्या उष्णतेने. पण आईला खुळ्यातही काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 साली या लहरी 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात टाकल्यात. सिद्ध झालंय असं नाही, शक्यता. म्हणून दीडशेचा वायरवाला इयरफोन घेतला, फोन टेबलावर ठेवून बोलतो. आईचंही समाधान झालं.

रेटिंगमध्ये एक तारा देतोय, तो टिकलीच्या गोंदाला. काढताना कव्हरचा रंग घेऊन निघाली.

परत करायला गेलो तर म्हणतो, "पैसे परत नाही दादा, बदलून देतो. फाइव्ह-जीवाली घ्या ना, पन्नासच वर द्या."