सूक्ष्म चॅनेलचा तांब्याचा वॉटरब्लॉक: पाण्याचा मार्ग नीट बघून घ्या

वॉटरब्लॉक म्हणजे चिपवर बसवून आतून पाणी फिरवून तिची उष्णता काढणारा धातूचा ठोकळा. 0.1 मिमी रुंद आणि 0.8 मिमी खोल चॅनेल (पाण्याच्या बारीक खाचा), पाणी मधून आत येऊन दोन्ही कडांनी बाहेर: या रचनेच्या ब्लॉकला आमची पसंती आहे. प्रवाह इथे बहुधा स्तरीय, म्हणजे खळखळ न करता थराथरांनी वाहणारा असतो, त्यामुळे नुसेल्ट अंक (भिंतीतून पाण्यात उष्णता किती सहज जाते त्याचं माप) वेगावर नव्हे, आकारावर ठरतो. चौरस चॅनेलला तो सुमारे 3.6, तर 8:1 खोल चॅनेलला जवळपास 6.5. म्हणजे अरुंद आणि खोल चॅनेल खरंच फायद्याचं.

किंमत मोजावी लागते ती दाबात. वेग तोच ठेवून हायड्रॉलिक व्यास (गोल नसलेल्या चॅनेलचा प्रवाहाच्या हिशेबातला व्यास) निम्मा केला, तर दाबघट, म्हणजे पाणी ढकलताना खर्ची पडणारा दाब, चौपट. म्हणून मधला प्रवेश मोलाचा: प्रत्येक चॅनेलची लांबी निम्मी, प्रवाहही निम्मा, दाबघट साधारण पाव. एका टोकाकडून दुसरीकडे पाणी नेणारा ब्लॉक लहान पंपासोबत घेऊच नका.

1981 मध्ये टकरमन आणि पीज यांनी सिलिकॉनमध्ये 50 मायक्रॉन रुंद चॅनेल कोरून दर चौरस सेंटिमीटरला 790 वॉट उष्णता काढली होती. पण दाब 2 बारच्या वर लागला.

दोष दोन. चॅनेलमधल्या पात्यांच्या (पातळ भिंतींच्या) माथ्यावर झाकण टेकत नसेल, तर पाणी वरूनच निसटतं. गॅस्केटची जाडी तपासा. आणि रेडिएटरमधला फ्लक्सचा (डाख देताना वापरलेल्या रसायनाचा) कचरा चॅनेलच्या तोंडाशी अडकतो. रेडिएटर आधी खळखळून धुवा, ब्लॉकच्या आधी 50 मायक्रॉनची जाळी लावा. त्याच पाण्यात ॲल्युमिनियमचा भाग असेल तर गंज ठरलेलाच.