राखणदार दोन, खोड वेगळी

रावेरकडच्या केळीबागेत एक राखणदार फाटकावर पोती उघडून बघतो, दुसरा आत फिरतो. पेशीतही तसंच, विषाणूंवर नजर ठेवणारी दोन प्रथिनं. टीएलआर-७ फाटकावरचा: पेशीने गिळलेल्या मालात आरएनए शोधतो. सीगॅस आतला: पेशीद्रवात डीएनए दिसला की बोंब ठोकतो. दोघांची हाक एकच, इंटरफेरॉन, म्हणजे शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन.

खोड मात्र वेगळी. सीगॅस बिचारा बहुधा निर्दोष. ट्रेक्स-१ हा नको असलेला डीएनए झाडणारा झाडूवाला निकामी झाला की घरचाच डीएनए साचतो, त्यावर सीगॅस बोंब ठोकतो आणि लहानग्यांना आयकार्डी-गुतिए हा मेंदूचा आजार जडतो. टीएलआर-७ स्वतःच तापट निघू शकतो. २०२२ साली एका मुलीच्या ल्युपसचं (शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते तो आजार) मूळ त्याच्यातल्या एकाच बदलात सापडलं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि बायकांत ती दोन असतात. ल्युपसच्या दहांत नऊ रुग्ण बायका असतात, ते उगीच नसावं. औषधापुरता मात्र टीएलआर-७च बरा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीने थोडा तरी आवरतो.